तेरावं जाकीट

हॉलिस,

परवा रविवारी तो सिनेमा पुन्हा टीव्हीवर लागला, आणि सोमवारी सकाळी सातपासून माझा फोन वाजायला लागला. सगळ्यांचा प्रश्न एकच: शेवटी मोटारसायकलवाल्या टोळीसमोर एकटाच चालत जातो, ती पाठ कुणाची? एका कॉलेजात म्हणे त्या पाठीवर व्याख्यानसुद्धा झालं. मी तिथे असते तर उठून सांगितलं असतं, की बाबांनो, ती पाठ ॲल्मा जंक्शनच्या धुलाईवाल्याची आहे आणि तुम्ही समजता तसलं काहीही तिच्या मनात नव्हतं. पण मला कुणी बोलावलं नाही. तेव्हा निदान तुम्हाला तरी सांगून टाकते. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. मलाही सगळं कळलंय असा माझा दावा नाही.

एक आधीच सांगते. तेव्हा तुम्ही त्रेचाळीसचे होतात, मी बावीसची. मी तुम्हाला अहोजाहो करायची. आता मी ऐंशीची झाले आणि तुम्ही मात्र सत्तेचाळीसलाच थांबलात. सवय काही जात नाही. गोष्टीत तेवढं मी तुम्हाला 'तो' म्हणणार. गोष्टीत अहोजाहो केलं की माणूस पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

तर हॉलिस टर्पिन नऊ वर्षांचा असताना ओक्लाहोमाहून ट्रकच्या पाठीवर बसून कॅलिफोर्नियात आला. बाप वाटेत हरवला. मेला नव्हे, नीडल्स नावाच्या गावी पेट्रोल भरायला उतरला तो परत चढलाच नाही. आईने कापूस वेचणाऱ्यांच्या छावणीत लोकांचे कपडे धुवायला घेतले, आणि दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी ॲल्मा जंक्शनच्या मेन स्ट्रीटवर दुकान थाटलं. पुढे आई गेली, दुकान राहिलं, दुकानात हॉलिस राहिला. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही.

डाग काढण्यात त्याचा हात धरणारा आमच्या अख्ख्या खोऱ्यात कुणी नव्हता. शर्टाच्या बाहीवरून कोण कुणाकडे जेवून आलाय ते त्याला कळायचं, पण तोंडातून अक्षर निघायचं नाही. आईकडून आलेला एक नेम मात्र तो बायबलपेक्षा कडक पाळायचा: एकाचा कपडा दुसऱ्याच्या हातात जायचा नाही. छावणीत असताना आईने चुकून एकाचा कोट दुसऱ्याला दिला होता. त्या दोघांची जुंपली आणि एकाचा डोळा गेला. तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची. ज्याला चिठ्ठी नाही तो नुकता आलेला, म्हणजे धुवायचा. बावीस वर्षांत एक रुमालदेखील चुकला नव्हता.

सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये, ऐन पीचच्या हंगामात, लॉस एंजेलिसहून सिनेमावाले आले. त्यांची गोष्ट अशी: लढाईवरून परतलेला एक एकटा माणूस, कुणाला नाव सांगत नाही, एका गावात येऊन ठेपतो. गावाला मोटारसायकलवाल्या गुंडांनी वेठीला धरलेलं. पोलीस शेपूट घालणारे. मग हा एकटा कायदा आपल्या हातात घेतो आणि सगळ्यांना पुरून उरतो. संपली गोष्ट. सिनेमाचं नाव तीनदा बदललं. शेवटी पोस्टरवर कुठलं लागलं ते मला विचारू नका. मी त्या वर्षी बी.ए. होऊन घरात बसून आईचं डोकं खात होते, म्हणून तिनेच मला तिकडे चिकटवून दिलं. कुठल्या दृश्यात कुणाच्या अंगावर काय होतं, बाटली डाव्या हातात होती की उजव्या, हे लिहून ठेवायचं माझं काम.

नायक होता टॉड लॅसिटर. पडद्यावर पोलाद, पण पीचची लव लागली की त्याच्या अंगाला खाज सुटायची. त्या हंगामात आमच्याकडे हवेतच लव असते. आम्ही तिच्यातच जन्मलो, आम्हाला कळतही नाही. तिसऱ्या दिवशी लॅसिटरचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि दिग्दर्शक केसलर रस्त्यात डोकं धरून बसला. तेवढ्यात हॉलिस इस्त्रीचे शर्ट घेऊन समोरून गेला.

"ए, थांब!" केसलर ओरडला. "वळ. आता चालत जा. परत ये. परत जा."

"काही चुकलं का साहेब?"

"काही नाही. पाठ मिळाली."

हॉलिसला उमजेना. "मग मी तोंड कुठे करायचं?"

"तोंडाचं आम्ही बघू. तू फक्त पाठ आण."

अशा रीतीने आमच्या गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस त्या सूडवाल्या नायकाची पाठ झाला. त्याला लांबलचक कॅनव्हासचा कोट दिला, टोपी दिली. नायकाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. ह्याचं नाव दुकानाच्या पाटीवर, गाडीवर आणि खोक्याखोक्यावर छापलेलं. "मी कोण आहे म्हणायचं?" असं त्याने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, "एकटा माणूस." तो म्हणाला, "ते आहेच, पोरी. पण ह्याला राग कशाचा आलाय?" कथेच्या कागदांत ते नव्हतं.

आता टोळीकडे वळते. खोटी टोळी बारा जणांची, पण खरी टोळीही ह्या सिनेमात होती. 'सॉल्ट डॉग्ज' म्हणून दक्षिणेकडचे लोक. केसलरला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून त्याने त्यांच्या म्होरक्याला सल्लागार नेमलं. त्याला डीकन म्हणत. बाप पाद्री होता, चर्चशी संबंध तेवढाच. डीकनने एक बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट आणून दिलं, पाठीवर टोळीचं चिन्ह शिवलेलं, आणि सांगितलं, ह्यावरून बारा बनवा, मी शेवटच्या दिवशी येऊन माझं घेऊन जाईन. जाकीट त्याच्या दोस्ताचं होतं. दोस्ताचं नाव पीवी, म्हणजे आमच्याकडे चिमुरड्याला म्हणतात तसं; वजन तीनशे पौंड. त्या वसंतात हायवेवर टोमॅटोच्या ट्रकखाली गेला.

कपड्यांचं खातं बिली बर्गोफकडे होतं. ही बाई साठीची, ओठांत अखंड सिगरेट. तिने बारा जाकिटं शिवली, चहात बुडवली, त्यांना ऑलिव्ह तेल चोपडलं, वरून सिगरेटची राख घासली आणि आतून एक ते बारा नंबर टाचले. खरं जाकीट तेरावं. त्याला नंबर नव्हता, कारण ते सिनेमाचं नव्हतंच.

शनिवारी धुवायच्या शर्टांचं पोतं हॉलिसकडे गेलं, त्यात वर हे जाकीट गेलं. कसं? दांडीवर जागा नव्हती, माझ्या वहीत त्याचा नंबर नव्हता, मी उचललं आणि पोत्यावर ठेवलं. मी ठेवलं, हॉलिस. हे मी तेव्हा कुणापाशी बोलले नाही. तुमच्यापाशीही नाही.

पोतं उघडल्यावर हॉलिसने जाकीट उजेडात धरलं. चिठ्ठी नाही, म्हणजे धुवायचं. पण असला मळ त्याने जन्मात पाहिला नव्हता. थरावर थर, जमिनीसारखे. रविवारी सुट्टी असूनही तो कामाला लागला. आधी तेल: खाली जुनी चादर घालून बेंझिनने टिपून टिपून काढलं. मग बिअर, मग ग्रीस, मग हायवेची काळी धूळ. कॉलरपाशी रक्त होतं, त्याला थंड पाणी आणि मीठ. एक डाग त्याने चारदा हुंगला तरी ओळखता येईना. (तो कशाचा होता ते बिलीने नंतर सांगितलं. ते मी लिहीत नाही.) मंगळवारी संध्याकाळी त्या कापडाचा मूळचा निळा रंग वर आला. काखेत उसवलं होतं तिथे त्याने दुहेरी टाका घातला, बेताची खळ दिली, इस्त्री फिरवली आणि कागदी आवरण चढवलं. समोरच्या कॅफेची वेल्मा शपथेवर सांगायची, की त्या तीन दिवसांत हॉलिस टर्पिन शीळ घालत होता.

बुधवार चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. सकाळी बिली दुकानात आली. मी हिशेबाच्या वहीसारखी माझी नोंदवही छातीशी धरून तिच्या मागे.

"बारा आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "तेरावं कुठाय हो? तुमच्या पोत्यात आलं का?"

"आलं ना. तयार आहे," हॉलिस म्हणाला आणि परीटघडीचं ते जाकीट त्याने हँगरसकट पुढे केलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

बिलीच्या ओठांतली सिगरेट खाली पडली. "हे काय केलंत?"

"धुतलं. खळ बेतानेच घातलीय. काखेत जरा उसवलं होतं, तर—"

"शिवलंत?"

"दुहेरी टाका."

"अरे देवा! शिवलंसुद्धा!"

मग तिने त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. ह्या लोकांत नवा गडी टोळीत आला की बाकीचे त्याचं कोरं जाकीट जमिनीवर पसरतात आणि त्यावर बिअर, तेल, जे हाती लागेल ते, आणि जे हाती नसतं तेही, ओततात. ते घालायचं, आणि मरेपर्यंत धुवायचं नाही. पाऊस लागला तर लागला. धुतलं तर माणूस टोळीतून गेला. हात लावायचीसुद्धा परक्याला परवानगी नाही.

हॉलिसने सगळं ऐकून घेतलं. "पण मळलेलं होतं," तो म्हणाला.

"तेच तर त्यांना हवं असतं!"

"मळ?"

"हो, मळ!"

त्याला हे कुठे बसवावं ते कळेना. तीस वर्षं तो एकच गोष्ट शिकत आला होता, की लोकांना मळ नको असतो. वाईट माणसांनाही नको असतो. उलट वाईट माणसं कॉलरच्या बाबतीत जास्त काटेकोर. आणि आता ही बाई सांगत होती की दुपारी बाराला एक माणूस येणार, त्याच्या मेलेल्या दोस्ताचा मळ मागणार, आणि तो मळ नाल्यातून वाहून गेलेला.

"ऐका," बिली म्हणाली. ती सिनेमातली बाई. अडचण म्हणजे तिला रोजचीच भाकरी. "सात नंबरचं घ्या. मी स्वतः मळवलंय, सगळ्यांत छान जमलंय. आतली चिठ्ठी काढते. त्याच्या हातात द्या, देवालाही कळायचं नाही."

"पण ते त्याचं नाही."

"ते कुणाचंच नाही!"

"म्हणजे त्याचंही नाही."

"टर्पिन, तो तुमचं तोंड फोडेल. दुकान जाळतील ते लोक. कपड्यासाठी जीव देणार आहात का?"

हॉलिसने सात नंबरचं हातात घेतलं. डाव्या हातात मळकं, उजव्या हातात स्वच्छ. बराच वेळ तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. "चूक माझी आहे" एवढे तीन शब्द. माझी नोकरी गेली असती, दुसरं काय होणार होतं? मी वहीत तारीख लिहीत राहिले.

"दुसऱ्याचा कपडा मी देत नाही, बाई," शेवटी तो म्हणाला आणि सात नंबर परत केलं.

साडेदहाला तो समोरच्या कॅफेत कॉफी प्यायला गेला तोवर गावभर झालं होतं. सल्ले फुकट असतात, तेव्हा सगळ्यांनी दिले.

"बहिणीकडे जा मॉडेस्टोला," वेल्मा म्हणाली. "गाडीची टाकी भरलीय ना? मग बसलायस काय!"

"उभा आहे," हॉलिस म्हणाला.

"अरे, मी म्हणते जा!"

"आज पाठ लागणार आहे त्यांना. शेवटचं दृश्य आहे."

"मग पोलिसाला सांग."

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्या गावाला पोलीस एकच, आणि त्याने पंधरा दिवसांची रजा टाकून सिनेमात भित्र्या पोलिसाचं काम घेतलं होतं. तो रस्त्यापलीकडे खुर्चीत बसून गालाला पावडर लावून घेत होता.

"लाव म्हणावं पावडर," वेल्मा म्हणाली. "मेलं शोभून दिसतंय."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, की सिनेमात तर हा माणूस एकटा बाराजणांना लोळवतो ना, मग भीती कसली? कुणी हसलं नाही. हॉलिसने मात्र ते मनावर घेतल्यासारखं केलं. "तो लोळवतो," तो विचार करत म्हणाला, "पण तो लॅसिटर की मी, हे अजून नक्की ठरलेलं नाही."

बाराला डीकन आला. बरोबर चार खरे गडी. केसलरला आनंदाचं भरतं आलं. त्याने त्या चौघांनाही रांगेत उभं केलं आणि डीकनला मधोमध. खोटे बारा, खरे पाच. जाकिटांवरून कोण खरं आणि कोण खोटं ते मला सांगता येईना, आणि ते सांगणं तर माझं कामच होतं.

हॉलिसला हुकूम असा: हार्डवेअरच्या दुकानापासून निघायचं, रस्त्याच्या मधून सावकाश चालायचं, टोळीपासून दहा पावलांवर थांबायचं. बस. पुढची मारामारी लॅसिटर सावलीत करणार, सूज दिसणार नाही अशी. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. गाव दोरीपलीकडे जमलं होतं. मी घड्याळ घेऊन डीकनच्या उजव्या हाताला, घोड्यांच्या पाण्याच्या डोणीमागे दडून बसले होते. म्हणून पुढचं मी ऐकलं.

हॉलिस निघाला. कोट नीट बंद होता आणि एक बाजू फुगलेली. आत काय आहे ते मला लगेच कळलं. तो दहा पावलांवर आला आणि थांबला नाही. नऊ. आठ. केसलरने हात वर केला. मला वाटलं थांबवणार. त्याने कॅमेरावाल्याला खूण केली, चालू दे.

"हे लिहिलेलं आहे का गं?" दोरीपलीकडून वेल्मा कुजबुजली.

मी कागद चाळले. लिहिलेलं नव्हतं.

डीकनला वाटलं, लिहिलेलं असावं. तो दात दाखवून गुरगुरला. डावीकडच्या एका खोट्या गुंडाला त्याचं काम आठवलं आणि त्याने ठरल्याप्रमाणे बाटली फेकली. सिनेमासाठी साखरेच्या काचेची बनवलेली खोटी बाटली, हॉलिसच्या खांद्यावर फुटली. "माफ करा," हॉलिस म्हणाला. का म्हणाला, कुणास ठाऊक. मग त्याने कोटाची बटणं सोडली आणि हँगर बाहेर काढला.

"डीकनसाहेब, तुमचं जाकीट."

डीकन हसला. "झकास! हे कुणी सुचवलं? केसलरने?" त्याने कागद फाडला. पाठीवरचं चिन्ह पाहिलं. कॉलर उलटून आत पाहिलं, तिथे पीवीने खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं होती. हसू तोंडावर तसंच राहिलं, बाकी सगळा चेहरा त्याच्याखालून निघून गेला.

"हे कुणी केलं?"

"मी. माझं धुलाईचं दुकान आहे. नंबर नव्हता, म्हणून मला वाटलं—"

डीकनची मूठ वर आली. हॉलिस हलला नाही. लोक सांगतात तो धीट होता म्हणून. त्याने मला नंतर सांगितलं ते असं, की सिनेमातली मूठ नाकापासून चार बोटांवर थांबते हे त्याला माहीत होतं आणि ही कुठली मूठ ते त्याला कळत नव्हतं. विचारावं का, असं मनात आलं. तेवढ्यात मूठ थांबली. मग तिची बोटं उघडली आणि डीकनने ते जाकीट दोन्ही हातांनी तोंडाशी नेलं. त्याने खोल श्वास घेतला.

"साबण," तो म्हणाला.

"टाकणखार. साबण अगदी शेवटी, थोडासा."

"इथे रक्त होतं. कॉलरला."

"होतं. थंड पाणी आणि मीठ. गरम पाण्यात रक्त धरून बसतं."

"सगळं निघालं?"

"सगळं." मग हॉलिसला वाटलं, ह्या माणसाला खात्री हवी असेल. गिऱ्हाइकांना हवी असते. "उन्हात धरून पाहिलं. एक ठिपकाही नाही."

डीकन बाजूला सरकला आणि फुटपाथच्या कडेवर बसला. तो रडत होता. आवाज न करता, दाढी ओली होईपर्यंत. बाकीच्या सोळा जणांना काय करावं कळेना. खऱ्यांनी माना खाली घातल्या, आणि खोट्यांनी खऱ्यांचं बघून घातल्या. हॉलिस थोडा वेळ उभा राहिला. आपण स्वच्छ केलेल्या कपड्यावर कुणी रडेल हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. मग तोही त्याच्या शेजारी बसला.

"कट!" केसलर ओरडला, आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

सिनेमात ते बसणं नाही. तो उभा आहे तिथपर्यंतच ठेवलंय. लोकांना दिसते ती एक पाठ, एक उघडलेला कोट, आणि त्यासमोर नुसत्या नजरेने ढासळलेला गुंडांचा म्होरक्या. बोलणं काढून तिथे वाऱ्याचा आवाज घातलाय. लॅसिटरची मारामारी कापून टाकली, गरजच उरली नाही. गावातल्या लोकांनी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यांनीही पुढे सिनेमातलंच धरलं. "रडवलंस की रे त्याला!" म्हणून वेल्मा त्याच्या पाठीवर थाप मारायची. "पण मी काय केलं?" हॉलिस विचारायचा. खरंच विचारायचा, विनय नव्हता तो.

त्या दिवशी तीन वाजता डीकन दुकानात आला. एकटा. मी शर्ट घ्यायला आले होते, म्हणजे तसं म्हणून आले होते. कबुली द्यायची होती, पण मी आधी शर्टच मोजायला घेतले. डीकनने जाकीट काउंटरवर ठेवलं, घडी मोडू न देता.

"हे मी नेऊ शकत नाही," तो म्हणाला. "आमच्यात आता ह्याला काही अर्थ नाही. आणि फेकूही शकत नाही."

"मग?"

"पीवीची आई आहे. मिसेस ग्रिग्ज. व्हायसेलियाला, कोर्टामागच्या गल्लीत पांढरं घर. पुरायच्या दिवशी तिने मागितलं होतं, मुलाचं काहीतरी द्या म्हणून. आम्ही दिलं नाही. म्हटलं, तो आमचा होता. खरं म्हणजे असलं घाणेरडं आईच्या हातात काय द्यायचं?" त्याने कापडावरून बोट फिरवलं. "आता देता येईल. मला ती दारात उभं करायची नाही. तू दे, साबणवाल्या."

"काय सांगू त्यांना?"

"काहीतरी सांग," डीकन म्हणाला आणि गेला. रागात होता का? मला कळलं नाही. हॉलिसलाही नाही. त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं, की हा माणूस शेवटी उपकार मानून गेला की शिक्षा देऊन?

मग त्याने नवी चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'ग्रिग्ज, व्हायसेलिया' लिहिलं आणि आतून टाचली. आणि मला म्हणाला, "पोरी, गाडी माझी आहे. कपडा द्यायला मी जाईन. पण कपड्याबरोबर बोलावं लागेल, ते मला जमायचं नाही. तू कॉलेजात शिकलीस. येशील?"

मी हो म्हटलं. गुरुवारी त्याचं दुकान दुपारी दोनला बंद व्हायचं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी निघायचं ठरलं.

आता परत तुम्हालाच सांगते, हॉलिस. त्या बुधवारी संध्याकाळी केसलरने लॉस एंजेलिसला काम देतो म्हटलं आणि मी रात्रीच्या बसने गेले. चिठ्ठी ठेवली तुम्हाला, 'पुढच्या वेळी नक्की' अशी. नाताळात आले तर तुम्ही काउंटरवरूनच विचारलंत, "आज जायचं?" बाहेर दाट धुकं होतं, मी म्हटलं, हायवेवर एवढ्या धुक्यात नको. धुकं खरंच होतं. दुसऱ्या वर्षी मी आलेच नाही. एकाहत्तरच्या मार्चमध्ये तुम्ही गेलात, आणि तुमच्या बहिणीने दुकान रिकामं करताना ते पुडकं माझ्या आईकडे आणून दिलं. म्हणाली, हे तुमच्या मुलीशी काहीतरी ठरलेलं होतं म्हणे. मिसेस ग्रिग्ज अठ्ठ्याहत्तरपर्यंत होत्या. म्हणजे माझ्या हातात सात वर्षं होती, स्वतःची गाडी होती, आणि बोलायलाही येत होतं.

ते पुडकं अजून माझ्याकडेच आहे. व्हायसेलिया इथून चाळीस मैल. गुरुवारी दोनला म्हटलं होतं मी.